कोलोरॅडोच्या त्रिभुज प्रदेशातील कामाच्या नोंदी : मोरेलोस बंधारा ते खाडी, 2010–2026

एककांबद्दल: अमेरिका-मेक्सिको सीमा व जल आयोगाची कागदपत्रे घनमीटर आणि एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभे पाणी) यांत असतात. इथे आपल्या सवयीप्रमाणे टीएमसी आणि क्युसेकही दिले आहेत. 1 टीएमसी म्हणजे सुमारे 2.83 कोटी घनमीटर.

4 एप्रिल 2010

मेक्सिकोतल्या मेहिकाली खोऱ्यात 7.2 तीव्रतेचा भूकंप. कालव्यांची अस्तरे फुटली, भराव खचले, शेतांची समतल पातळी बिघडली. अमेरिकेशी झालेल्या 1944 च्या तहानुसार मेक्सिकोला कोलोरॅडो नदीचे वर्षाला 185 कोटी घनमीटर (सुमारे 65 टीएमसी) पाणी मिळते, म्हणजे 105 टीएमसीच्या कोयनेचे जेमतेम तीन-पंचमांश. हे जवळजवळ सगळे पाणी सीमेवरच्या मोरेलोस बंधाऱ्याशी (बांधून पूर्ण 1950) उजवीकडच्या कालव्यात वळते. बंधाऱ्याखाली नदी उरत नाही, नुसते पात्र उरते. आता कालवेच मोडले असल्याने हक्काचे पाणी घ्यायचे कुठे, हा मेक्सिकोपुढचा प्रश्न आहे.

16 एप्रिल 2010

मिनिट 316 वर सह्या. दोन्ही देशांचा सीमा व जल आयोग तहाला जोडून जे ठराव करतो, त्यांना ‘मिनिट’ म्हणतात. तह न उघडता त्याचा अर्थ पुढे नेण्याची ही सोय आहे, आणि या नदीवरचे सगळे काम तिच्याच बळावर उभे आहे.

विषय सिएनेगा दे सांता क्लारा या पाणथळीचा. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अॅरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागातील शेतांच्या निचऱ्याचे खारे पाणी नदीत आले आणि मेहिकालीची जमीन क्षारपड होऊ लागली. 1973 च्या मिनिट 242 ने तोडगा काढला: मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याची क्षारता अमेरिकेतल्या इम्पीरियल धरणावरच्या पाण्यापेक्षा सरासरी 115 पीपीएम (30 कमी-अधिक) एवढीच जास्त चालेल. त्यासाठी खारा निचरा वेगळ्या चराने नदीला वळसा घालून नेला. 1977 पासून तो चर डेल्टाच्या पूर्व कडेला रिकामा होतो. कोणी आखणी केली नव्हती, तरी तिथे पाणकणसाचे हजारो हेक्टरांचे दलदलीचे रान उभे राहिले आणि युमा रिजवेज रेल या दुर्मिळ पाणपक्ष्याचा तो मोठा आसरा झाला.

अॅरिझोनातला युमाचा क्षारनिर्मूलन प्रकल्प याच चराचे खारे पाणी घेतो. तो तिसऱ्या हिश्श्याच्या क्षमतेने चाचणीसाठी चालवायचा आहे. तो चालला की चरातले पाणी घटेल आणि खारेपण वाढेल. म्हणून अमेरिका, मेक्सिको आणि स्वयंसेवी संस्था प्रत्येकी 10,000 एकर-फूट, एकूण 30,000 एकर-फूट (3.7 कोटी घनमीटर) भरपाईचे पाणी देणार. स्वयंसेवी संस्थेच्या नावावर पाण्याचा आकडा लिहिला जातो आणि दोन सरकारे तो हिशोबात धरतात, ही या ठरावातली मोठी गोष्ट. पुढची सगळी विभागणी याच साच्यात होईल असे दिसते.

17 डिसेंबर 2010

मिनिट 318. कालवे दुरुस्त होईपर्यंत मेक्सिको आपल्या वाट्याचे काही पाणी अमेरिकेतल्या लेक मीड या जलाशयात ठेवू शकेल. भूकंपाच्या अडचणीतून निघालेली ही वाट आहे, पण नदीच्या दृष्टीने तिचे मोल फार. ठेवलेले पाणी हवे तेव्हा, हव्या त्या वेगाने सोडता येते. साठवण नसेल तर नदीत पूर आणता येत नाही, आणि पुराशिवाय पात्रातली झाडे नव्याने रुजत नाहीत.

20 नोव्हेंबर 2012

कॅलिफोर्नियात कोरोनाडो इथे मिनिट 319 वर सह्या. मुदत 2017 अखेर. नदीसाठी दोन आकडे: एकदाच सोडायचा मोठा प्रवाह 13 कोटी घनमीटर (4.6 टीएमसी) आणि मुदतभर थोडाथोडा द्यायचा पायाभूत प्रवाह 6.5 कोटी घनमीटर (2.3 टीएमसी). मोठ्या प्रवाहाचे पाणी सरकारी व्यवस्थेतून येणार. अमेरिका मेहिकालीतल्या कालवे-सुधारणेला पैसा देणार आणि वाचलेल्या पाण्याचा एक भाग नदीला मिळणार. पायाभूत पाणी संस्थांनी आणायचे. ते डेल्टाच्या पाणी-न्यासामार्फत शेतकऱ्यांकडून स्वेच्छेने घेतलेल्या हक्कांतून येते.

या आकड्यांमागे लोकांची वर्षे आहेत. सोनोरन इन्स्टिट्यूटचे फ्रान्सिस्को सामोरा, प्रोनातुरा नोरोएस्तेचे पक्षीअभ्यासक ओस्वेल इनोहोसा, वाटाघाटींच्या बाजूने जेनिफर पिट. डेल्टाला किती पाणी लागते, याचा हिशोब 1999 मध्येच मांडला गेला होता: साधारण चार वर्षांतून एकदा 32 कोटी घनमीटरचा पूर आणि दरवर्षी सुमारे 4 कोटी घनमीटर कायम प्रवाह. 1980 आणि 90 च्या दशकांत धरणे भरून वाहिली, तेव्हा डेल्टात झाडांची नवी पिढी उगवली होती. हे आकडे त्या निरीक्षणावरून काढलेले. म्हणजे आत्ता मंजूर झालेला पूर गरजेच्या दोन-पंचमांश आहे. कमी पाण्यात काम करायचे तर जमीन आधी तयार हवी.

डिसेंबर 2013 – फेब्रुवारी 2014 : जागेची तयारी

मोरेलोसपासून समुद्रापर्यंत सुमारे 150 किमी. कामाच्या दृष्टीने त्याचे तुकडे वेगळे पडतात. पहिले साधारण 38 किमी पात्र हीच दोन देशांची सीमा आहे. त्यानंतर कोरडा टापू येतो. दोन्ही बाजूंच्या विहिरींच्या उपशाने इथले भूजल खूप खोल गेले आहे, काही ठिकाणी 10 मीटरपेक्षाही खाली. (मिनिट 242 ने सॅन लुईसजवळ सीमेपासून 8 किमीच्या पट्ट्यात प्रत्येक देशाच्या उपशाला वर्षाला 160,000 एकर-फुटांची, म्हणजे सुमारे 19.7 कोटी घनमीटरची मर्यादा घातली आहे. ही मर्यादाच केवढी मोठी आहे, ते मोठ्या प्रवाहाच्या 13 कोटींशी ताडून पाहावे.) त्याच्या खाली लागुना ग्रांदेचा टापू. शेतांच्या पाझराने इथे पाणी वर टिकून असते. लागवड इथेच.

जागा निवडताना आधी भूजल, मग क्षार, आणि सगळ्यात शेवटी जमीन कोणाची हे पाहावे. क्रम उलटा केला की सहज मिळालेल्या जागेत झाडे वाळत बसतात. पिझोमीटरसाठी (भूजलाची पातळी मोजायची नळी) 2 इंची पीव्हीसी पाइप, तळाचा मीटरभर भाग चिरा पाडलेला, भोवती जाड वाळूचे वेष्टन, वर बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचे बूच. आत दर तासाला नोंद घेणारा दाब-लॉगर. हा लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो, म्हणून हवेच्या दाबाचा दुसरा लॉगर जवळच टांगावा आणि वजाबाकी करावी. 1 मिलिबार म्हणजे साधारण 1 सेंमी पाणी. दिवसभरात हवेचा दाब तीन-चार मिलिबार सहज हलतो, आणि झाडांनी दिवसा ओढलेल्या पाण्याने पातळी जी उतरते तीही तेवढीच असते. वजाबाकी राहिली तर हवामानाचा चढउतार झाडांच्या नावावर लिहिला जातो.

भूजल 2 मीटरच्या आत असेल तिथे विलो आणि कॉटनवुड. विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळातली, कॉटनवुड हा पॉप्लर. 2 ते 4 मीटर असेल तिथे मेस्किट. आपल्याकडे माजलेल्या वेड्या बाभळीचे हे सख्खे भावंड, पण तिथे ते मूळचे आहे आणि पक्ष्यांना हवे असते. त्याहून खोल असेल ती जागा सोडावी. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी (विद्युतवाहकता, खारेपणाचे माप, डेसिसीमेन्स प्रतिमीटरमध्ये) 4 च्या आत असेल तर विलो-कॉटनवुड चांगले येतात. 8 च्या वर गेली की मेस्किट, क्षारझुडपे आणि खारगवत यांवर भागवावे.

झाऊ काढणे हे सगळ्यात खर्चाचे काम. पात्रभर पसरलेले हे परदेशी झुडूप बुंध्याच्या गड्ड्यातून फुटते आणि तो गड्डा जमिनीखाली हात-दीड हातावर असतो. वरून कापले किंवा जाळले तर पुढच्या हंगामात दाट झुडूप परत हजर. म्हणून एक्स्कॅव्हेटरने किंवा दातेरी फाळ लावलेल्या डोझरने गड्ड्यासकट उपटायचे, ढीग पात्राबाहेर न्यायचे आणि हे सगळे मार्चपूर्वी संपवायचे, कारण त्यानंतर पक्ष्यांची घरटी असतात. साफ केलेली जागा मुख्य धारेशी जोडणारे उथळ चर या वेळीच खणावेत आणि आडवे आलेले जुने बांध फोडावेत. नाहीतर पूर शेजारून निघून जातो आणि तयार जमीन कोरडीच राहते.

हिवाळ्यात झाडे झोपलेली असताना फाटे-कलमे. अंगठ्याएवढा जाड, दीड ते दोन मीटर लांब दांडा, डोळे वर. आठवडाभर पाण्यात उभे भिजवावेत. खड्डा ओलाव्यापर्यंत न्यावा, दोन-तृतीयांश दांडा जमिनीत जावा आणि भोवती चिखल ठासावा. हवेची पोकळी राहिली तर तिथे मूळ फुटत नाही. कॉटनवुडमध्ये नर-मादी झाडे वेगळी असतात. जवळ सापडलेल्या दोन-चार झाडांवरूनच सगळे फाटे घेतले तर पुढे बी धरणारे रान तयार होत नाही. अनेक मातृवृक्ष, दोन्ही लिंगे, प्रत्येक गठ्ठ्याला खूणचिठ्ठी.

23 मार्च 2014

मोरेलोसचे दरवाजे उघडले. तारीख बियांवरून ठरली आहे. कॉटनवुड आणि विलोचे कापसासारखे बी वसंतात उडते आणि त्याचा जीव थोड्या आठवड्यांचा. ओली, उघडी, ताजा गाळ बसलेली माती नेमकी तेव्हाच हवी. झाऊचे बी मात्र वसंतापासून शरदापर्यंत सुटतच राहते. पूर उशिरा आला तर तयार जमीन आयती त्याच्या हाती जाते.

पाणी फक्त मोरेलोसमधून सोडून चालणार नाही, कोरडा टापू ते पिऊन टाकेल. म्हणून काही वाटा कालव्यांतून फिरवून किमी 27 आणि किमी 18 या सांडव्यांवरून खाली पात्रात उतरवला जात आहे.

27–29 मार्च

उच्चांकी विसर्ग सुमारे 120 घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे 4,200 क्युसेकच्या आसपास. पावसाळ्यात खडकवासल्यातून सुटणारे आकडे वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. आठवड्या-दीड आठवड्यात तो उतरवायचा असल्याने गाळ हलवण्याची ताकदही बेताचीच. पात्राचा आकार बदलेल, जुना झाऊ उखडला जाईल अशी आशा ठेवू नये. ते यंत्रानेच करावे लागते. सॅन लुईस रिओ कोलोरादो शहरात लोक मुलाबाळांसह पात्रात उतरले आहेत. नदीच्या नावाचे शहर, आणि तिथल्या पोरांनी नदी पाहिलेली नाही. हाही कामाचा भाग आहे आणि तो मोजता येत नाही म्हणून नोंदीतून गाळू नये.

एप्रिल 2014 : उतार

चढापेक्षा उतार महत्त्वाचा. रोपाचे मूळ दिवसाला साधारण सेंटीमीटरभर वाढते. पाण्याची पातळी दिवसाला अडीच सेंमीच्या आसपास उतरत असेल, तर मूळ आणि वर चढणारा केशाकर्षणाचा ओलावा यांची गाठ राहते. दुप्पट वेगाने उतरली की रोप दोन पानांवर असतानाच सुकते. मातीचा पोतही पाहावा: जाड वाळूत ओलावा वीतभर चढतो, बारीक गाळात हातभर आणि त्याहून जास्त. एकाच विसर्गात वाळूच्या पुळणीवरची रोपे जातात आणि गाळाच्या काठावरची तगतात, ते यामुळे.

वरच्या भागात भूजल खोल, त्यामुळे विसर्ग कमी करताच पाणी झपाट्याने जिरते. तिथला उतार दरवाजांच्या हातात नाहीच. उतार सांभाळता येतो तो फक्त लागुना ग्रांदेसारख्या ठिकाणी, जिथे कालव्यातून छोटी आवर्तने देऊन ओलावा टिकवता येतो.

15 मे 2014

नदीचे पाणी आणि भरतीचे पाणी एकमेकांना मिळाले. 1990 च्या दशकानंतर हे घडले नव्हते. पोचलेले पाणी अगदी थोडे, खाडीच्या क्षारतेत टिकाऊ बदल घडवण्याइतके नाही. खाडीच्या वरच्या अंगाला भरतीने गाळाचा उंचवटा बसवला आहे. नदीला जोर नसल्याने तो वाहून जात नाही आणि भरतीचे पाणीही आत येताना अडते. तिथे गाळ काढून वाट करावी लागेल. सोडलेल्या पाण्यावर विसंबता येणार नाही.

18 मे 2014

प्रवाह बंद. 57 दिवसांत 13 कोटी घनमीटर. सरासरी साधारण 26 घनमीटर प्रतिसेकंद, 930 क्युसेक. पाण्याचा बहुतांश भाग पात्राखाली जिरला. भूजलाचा उंचवटा वर आला आणि पुढच्या काही महिन्यांत पसरून ओसरला. आधीपासून उभी असलेली झाडे त्यावर हिरवी झाली, उपग्रहाच्या चित्रांत पट्टा स्पष्ट दिसतो. पण हिरवेपणा म्हणजे नवी झाडे नव्हे. नवी देशी रोपे मुख्यतः तिथेच टिकली जिथे आधी झाऊ काढला होता आणि नंतर पाणी दिले गेले. बाकी ओल्या काठांवर झाऊचीच रोपे जास्त.

यापुढे मंजूर झालेले पाणी कोरड्या टापूत वाहू देऊ नये. ते कालव्याने थेट खाली न्यावे. लोकांना शहरापाशी नदी दिसणार नाही, ही त्याची किंमत आहे आणि ती जड आहे. तरीही एवढ्या थोड्या पाण्यात झाडाच्या मुळाशी पोचलेला घनमीटर मोजावा, बंधाऱ्यातून सुटलेला नव्हे.

जुलै 2015 : पायाभूत प्रवाह आणि क्षार

लागवडीचे पाणी खाऱ्याकडे झुकणारे, लिटरला साधारण 1 ग्रॅम क्षार. 1,000 घनमीटर पाण्याबरोबर 1 टन मीठ येते. हेक्टरी वर्षाला 1.2 मीटर पाणी दिले तर 12,000 घनमीटर, म्हणजे 12 टन. झाड पाणी घेते, मीठ मागे ठेवते. ठिबकने नेमके झाडापुरते पाणी दिले तर बचत दिसते आणि ओल्या गोळ्याच्या कडेला क्षारांचे कडे धरते. त्यामुळे धुवणीचे पाणी हिशोबातच धरावे. पाण्याची ईसी 1.5 असेल आणि मुळांच्या थरात ती 3 च्या आत ठेवायची असेल, तर 1.5 भागिले (5 × 3 वजा 1.5), म्हणजे सुमारे 11 टक्के जादा पाणी. 2 च्या आत ठेवायची तर 18 टक्के. तेही एकदम, वाफे भरून द्यावे. रोज थोडेथोडे दिल्याने धुवणी होत नाही. आणि खाली निचरा नसेल तर धुतलेले मीठ केशाकर्षणाने परत वर येते.

वाफसा आल्याशिवाय पुढचे पाणी नको. सतत तुंबलेल्या जागेत पाणकणीस आणि बोरू भरतात आणि विलोची रोपे झाकली जातात. रोप पहिल्या वर्षी वरवरच्या पाण्यावर पोसले तर मूळ खाली जात नाही, म्हणून पाण्याच्या पाळ्या लांबवत न्याव्यात, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत झाड भूजलावर जगू लागते. बीव्हर (झाडे कुरतडणारे पाणप्राणी) परतले आहेत. ही चांगली खूण, पण ते कोवळे खोड एका रात्रीत सोलतात. पाण्याकाठच्या रोपांना मीटरभर उंच तारजाळी लावावी. मोकाट गुरांसाठी कुंपण. वाळलेला बोरू आणि झाऊ पेटला की लागवड वाचत नाही, त्यामुळे जाळपट्टे उन्हाळ्याआधी.

21 सप्टेंबर 2017

मिनिट 323. मुदत 31 डिसेंबर 2026. नदीसाठी 25.9 कोटी घनमीटर (9.1 टीएमसी), अमेरिका, मेक्सिको आणि संस्था प्रत्येकी एक-तृतीयांश. पुनरुज्जीवित क्षेत्राचे लक्ष्य सुमारे 1,740 हेक्टर. अधिवास आणि शास्त्रीय नोंदींसाठी स्वतंत्र पैसा आहे. मेक्सिकोतल्या पाणीबचतीसाठी अमेरिकेकडून 3 कोटी 15 लाख डॉलर. सात वर्षांपूर्वीचा तीन वाट्यांचा साचा इथे पक्का झाला.

मोजमापाला पैसा ठरावातच लिहिलेला असणे फार मोलाचे. एरवी पहिली कात्री तिथेच लागते आणि पुढच्या वाटाघाटीला हातात आकडे नसतात.

1 मे 2021

या वर्षीचा प्रवाह सुरू. एकूण 4.3 कोटी घनमीटर (1.5 टीएमसी), मेहिकालीच्या कालव्यांतून, कोरडा टापू टाळून. सिंचन विभागाशी मेळ घालणे हे रोजचे काम: शेतीच्या आवर्तनात कालव्याची वहनक्षमता भरलेली असेल तेव्हा नदीचे पाणी थांबते. पिकांच्या पाळ्यांचे वेळापत्रक आधी घेऊन, मधल्या फटींत नदीची पाळी बसवावी लागते. सांडव्याच्या तोंडाशी मोजपट्टी आणि विसर्ग-मापन दोन्ही हवे. दोन देशांच्या खात्यात नोंद व्हायची असल्याने अंदाज चालत नाही.

16 ऑगस्ट 2021

लेक मीडच्या पातळीवरून 2022 साठी कोलोरॅडोवर पहिली अधिकृत टंचाई जाहीर. मेक्सिकोच्या वाट्यातून 50,000 एकर-फूट कपात आणि वर 30,000 एकर-फूट बचतीचे, मिळून 9.9 कोटी घनमीटर. नदीचे पाणी चालूच आहे. ठरावात टंचाई आणि पर्यावरण हे दोन्ही एकत्र बांधलेले नसते, तर आज पहिला दरवाजा नदीचाच बंद झाला असता.

11 ऑक्टोबर 2021

प्रवाह बंद. 164 दिवस, सरासरी 3 घनमीटर प्रतिसेकंद, जेमतेम 107 क्युसेक. 2014 च्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी, पण कडक उन्हाळाभर पुरवलेले आणि उथळ भूजलाच्या टापूत उतरवलेले. ऐन उन्हाळ्यात पात्रात वाहते पाणी राहिले आणि ते खाडीपर्यंत गेले. 2022 मध्येही हीच पद्धत ठेवावी.

जानेवारी 2026

मुदतीचे शेवटचे वर्ष. नव्या ठरावासाठी कामाच्या जागेवरून निघणाऱ्या मागण्या:

पाणी वर्षवार बांधून न देता एकत्र खात्यात द्यावे आणि लेक मीडमध्ये पुढे ओढता यावे, म्हणजे तीन-चार वर्षांचे मिळून एखादा खरा पूर सोडता येईल. कालव्याने दिलेले पाणी लावलेली झाडे जगवते. बियांपासून नवे रान उगवायला पूरच लागतो. लागवड झालेल्या क्षेत्राच्या देखभालीचे पाणी नव्या क्षेत्राच्या पाण्यापासून वेगळे लिहावे, नाहीतर दर नव्या हेक्टरमागे जुना हेक्टर तहानतो. सिएनेगाच्या चराला आजवर कायमची हमी नाही. तिथे वर्षाला साधारण 13 कोटी घनमीटर खारे पाणी येते, जवळजवळ 2014 च्या संपूर्ण पुराएवढे, आणि क्षारनिर्मूलन प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवायचा निर्णय झाला तर ते आटेल. त्यासाठी किमान विसर्ग आणि कमाल क्षारता असे दोन आकडे ठरावात हवेत. कालव्यांचे अस्तरीकरण वाढले की लागुना ग्रांदेचे भूजल टिकवणारा पाझरही घटतो, म्हणून अस्तरीकरणाच्या प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर दोन वर्षे त्या पट्ट्यातल्या पिझोमीटरच्या नोंदी घ्याव्यात आणि घटलेला पाझर बचतीच्या आकड्यातून वजा करावा.